दुसऱ्यांदा विचारायचं असतं

गोकुळनं जीप पीर बाजाराच्या कोपऱ्यावर लावली आणि सोनिया उतरली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि तिसरी काखेत. पहिल्या दोन लेकीसाठी होत्या. एकीत आमटीचं येसर, तिळाची चटणी आणि भाजलेल्या शेंगा, दुसरीत धपाटे आणि चिवडा. तिसरीत काय आहे हे तिनं कन्नडपासून इथवर नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. कन्नड ते शहर काळीपिवळी चालवण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला लोकांच्या पिशव्यांचं कुतूहल उरत नाही.

उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या सुलेखाच्या. गोकुळची ही थोरली बहीण घाटी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. लग्न मोडलं तसं तिनं बापाचं नाव परत लावलं, खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पुन्हा कुणाच्या दारात गेली नाही. गोकुळची लेक अपेक्षा सहावीला आत्याकडे शिकायला आली ती इथलीच झाली. बारावी झाली, नर्सिंग झालं, आणि आता मिलिटरी नर्सिंगमध्ये निवड होऊन उद्या संध्याकाळच्या गाडीनं ती लखनौला ट्रेनिंगला निघाली होती. गावाकडं ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायची. सोनियाच्या वाट्याला लेक आली ती एवढीच.

दार उघडंच होतं. टीपॉयवर ताट, ताटात ज्वारीची भाकर आणि पिठलं. अपेक्षाच्या डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी आणि पायात घरातच चढवलेले काळे बूट. समोरच्या खुर्चीत सुलेखा ताठ बसली होती, परीक्षेला सुपरव्हायझर बसावा तशी.

"कोपर आत घे," सुलेखा म्हणत होती. "आणि आवाज नको काट्याचा."

"आत्या, भाकर कापतच नाय. तुकडे उडायलेत."

"मेसमध्ये भाकर देणार नायत तुला. हाताला वळण लागायला पाहिजे म्हणून करायचं."

"भाकरीला सुरी लावायलीस व्हय गं?" सोनिया दारातून म्हणाली.

अपेक्षानं काटा टाकला आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. बूट फरशीवर पचपच वाजले.

"हे काय गं, पाय ओले?"

"ओले मोजे घालून हिंडायलेय, माय. म्हंजी बूट पायाला बसतात, फोड येत नाय. आत्याची आयडिया."

"सर्दी हुईल."

"नाय होत," सुलेखा आणि अपेक्षा एकदमच म्हणाल्या. सोनियाला ते लागलं. दोघींचा 'नाय' अगदी सारखा होता, शेवटी तोंड मिटून घ्यायची लकबसुद्धा.

"जयहिंद, लेफ्टनंटसाहेब!" गोकुळ मागून आत आला.

"पप्पा, अजून नाय हो."

"आमच्या कन्नडच्या स्टँडवर तर तू कवाच झालीस. परवा एकानं तुझी वळख सांगून पुढची सीट मागितली."

सगळे हसले. सुलेखा उठून चहा ठेवायला गेली आणि जाता जाता पिशव्यांकडे बघून म्हणाली, "सोनिया, एवढं ट्रंकेत बसायचं नाय बघ. चटणी तेवढी देऊ."

ट्रंक पलंगाशेजारी होती. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून आणलेली, पत्र्याची, काळी कुळकुळीत. वर पांढऱ्या रंगानं नाव घातलेलं. सोनियानं झाकण उघडलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांच्या जाळ्या, पिनांचे पुडे, सुईदोरा, पॉलिशची डबी, इस्त्रीच्या घड्या. सगळं इतकं नीट लावलेलं होतं की तिला कुठं हात घालायला जागा दिसेना. लेकीचं सामान आईनं भरायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. इथं ते भरून झालं होतं.

"हिच्यात काय गं?" गोकुळनं तिसरी पिशवी पायातून बाजूला घ्यायला उचलली. "जड हाय." आणि त्यानं तोंड उघडून पाहिलं. घडी न मोडलेली साडी. स्वेटर. कंगवा, दातांचा ब्रश. "हे तर तुझेच कपडे हायेत. उद्या गाडी गेली की आपल्याला माघारी जायचंय ना?"

"मी जाणारे," सोनिया ट्रंकेकडेच बघत म्हणाली.

"कुठं?"

"लखनौला. लेकीला सोडायला."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज थांबला. पलंगाखाली सुलेखाची निळी बॅग तयार होती. तिची रजा मंजूर होती, अपेक्षाच्या शेजारचा बर्थ तिच्या नावावर होता, आणि हे या घरात दसऱ्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

"माय," अपेक्षा गोंधळून म्हणाली, "पण तूच तर नाय म्हणलीस. मी इचारलं व्हतं तुला."

"व्हय. इचारलं व्हतंस."

*

विचारलं होतं ते असं. निवडीची बातमी घेऊन अपेक्षा गावी गेली होती. सोनिया अंगणात शेंगा फोडत बसली होती. अपेक्षा शेजारी बसली, मूठभर शेंगा घेतल्या आणि म्हणाली, माय, ट्रेनिंगला सोडायला येशील का माझ्यासोबत? तिकीट काढायचंय. सोनियाला फार आनंद झाला होता आणि ती म्हणाली होती, "मला कुठं नेतीस बाई एवढ्या लांब? मला काय कळतं तिथलं? आत्याला ने."

आता आपल्याकडे या 'नको'ला काय किंमत असते हे सांगायला नको. पाहुणा चहाला नको म्हणतो तेव्हा आधण ठेवलेलंच असतं. माहेरी साडी घेताना बाई नको म्हणते आणि हात पुढे करते. पहिला नकार हा नुसता रीतीचा असतो, आणि खरं उत्तर दुसऱ्या विचारण्याला द्यायचं असतं. सोनिया त्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत शेंगा फोडत राहिली. लेक म्हणेल, चल गं माय, तू नाय तर कोण? मग ती म्हणणार होती, बरं बाई, येते.

अपेक्षा म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी आत्याचं तिकीट काढलं.

तेव्हापासून सोनिया कापसात होती तरी कान फोनकडे होता. तिला वाटायचं, पोर अजून विचारील. दिवाळीला आली की विचारील. दिवाळीला अपेक्षा आली ती पहाटे उठून मारुतीच्या पारापर्यंत पळायला जायची, येऊन दंड काढायची, आणि मोजूनमापून बोलायची ते सगळं आत्यासारखं. विचारलं नाही. शेवटी काल सोनियानं स्वतःच पिशवी भरली.

हे सगळं ती आता बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, "येकदाच इचारलंस गं."

अपेक्षाला कळायला एवढं पुरलं. घाटीत पहिल्यांदा वॉर्डात उभी राहिली होती तेव्हा आत्यानंच तिला शिकवलं होतं. खेड्यातनं आलेल्या बाईला विचारलंस की काय होतंय, तर ती म्हणणार, काय नाय, बरं हाय. तिथून पुढं जाऊ नकोस. तिथंच उभं राहायचं आणि दुसऱ्यांदा विचारायचं. मग सांगते ती. अपेक्षानं ते मन लावून पाळलं होतं. कितीतरी बायांना ती दोनदा विचारत आली होती, कधी तीनदासुद्धा. आईला मात्र एकदा विचारून ती मोकळी झाली होती, कारण आई काही पेशंट नव्हती.

तिला स्वतःचा फार राग आला. ती आईसमोर खाली फरशीवर बसली, बुटासकट.

"माय, चल माझ्यासंगं."

"नगं आता. ताईंचं ठरलंय."

"माय, चल ना."

सोनियाचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. तिनं पदर तोंडाला लावला. "येते," ती म्हणाली. "मला बघायचं व्हतं गं, तू कुठं ऱ्हाशील ते. मला सारखं वाटतं, मी तुला कुठं नेऊन सोडलंच नाय. शाळेत सोडलं नाय, कॉलेजात सोडलं नाय. इथं आणलं तेबी तुझ्या पप्पानं जीपमधी घालून. येकदा तरी मला हातानं सोडू दी."

गोकुळनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याला अशा वेळी जीपचं काहीतरी बघायला जावंसं वाटे.

*

सुलेखा स्वयंपाकघरात उभी होती. चहा उतू गेला होता तो तिनं पुसला, शेगडी पुसली, मग ओटाही पुसला.

तिच्या मनात गेले काही महिने लखनौचं एक फाटक होतं. ते कसं असेल ते तिला माहीत नव्हतं, पण त्यातून अपेक्षा आत जाईल, आणि सोबत म्हणून आपल्यालाही दोन पावलं आत जाता येईल, एवढं तिनं धरून ठेवलं होतं. तरुणपणी ती स्वतः या भरतीला गेली होती. लेखी झालं, तोंडी झालं, आणि मेडिकलला पट्टी डोक्यावर टेकवून ऑर्डर्ली म्हणाला होता, सिस्टर, एका बोटानं राहिलात. कुणी अडवलं नव्हतं, कुणाचा दोष नव्हता. बोटभर उंची कमी होती, आणि ती कुठून आणणार? रागवायलासुद्धा माणूस मिळाला नाही, याचं तिला सगळ्यात जास्त दुःख होतं.

म्हणून सहावीतली भाची घरात आली त्या दिवशी तिनं काय केलं, तर पोरीला दाराच्या चौकटीला टेकवून पेन्सिलीनं रेघ मारली. मग दूध, अंडी, बागेतल्या दांड्याला लोंबकळणं. दर वाढदिवसाला रेघ. अपेक्षा हव्या त्या रेघेच्या वर गेली त्या दिवशी सुलेखानं अख्ख्या वॉर्डात जिलबी वाटली होती. सोनिया एकदा गोकुळजवळ बोलली होती, ताईंनी माझी पोर नाय वाढवली, स्वतःची उंची वाढवून घेतली. ते फिरत फिरत सुलेखाच्या कानावर आलं होतं. तिला ते खोटं म्हणता आलं नव्हतं.

ती बाहेर आली. "सोनिया, डोळे पूस. तिकीट माझ्या नावावर हाय, ते बदलून घेऊ. तू जा."

"नगं ताई—"

"मी एकदाच विचारते, तुला ठाऊक हाय," सुलेखा म्हणाली, आणि मग स्वतःच ओशाळली. "म्हंजी विचारत नायेच. सांगायलेय. आधार कार्ड आणलंस का?"

"आणलंय. पण बदलायचं कशाला, ताई? आडनाव तर येकच हाय दोघींचं. मी तुमच्या नावावर बसते की गुपचूप. कोण बघतंय?"

"माय!" अपेक्षा म्हणाली. "मी अफसर व्हायला चाललेय आन् पहिल्याच दिवशी टीसीला खोटं सांगू?"

"बरं बरं," सोनिया घाईनं म्हणाली. "नाय सांगत."

*

स्टेशनवरच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीशी गर्दी होती. दिवाळीला आलेली माणसं अजून परतत होती. गोकुळ रांगेत उभा राहिला, बाकीच्या तिघी बाकावर. सुलेखा आणि सोनियाच्या मध्ये अपेक्षा बसली होती आणि दोघींचा एकेक हात तिच्या मांडीवर होता. सोनिया एवढ्या वेळात दोनदा विचारून झाली होती की लखनौला थंडी किती असते. सुलेखानं दोन्ही वेळा नीट सांगितलं होतं, वर आपली शाल देऊ केली होती. कैक वर्षांत त्या दोघी एवढ्या गोडीनं बोलल्या नव्हत्या.

खिडकीतल्या माणसानं तिकीट पाहिलं, तिन्ही आधार कार्डं पाहिली. "ह्या तुमच्या कोण?"

"बहीण हाय माझी," गोकुळ म्हणाला. "आन् ही बायको. बहिणीचं तिकीट बायकोच्या नावावर करायचंय."

"म्हणजे एकमेकींच्या नणंद-भावजय."

"व्हय."

"नाही होत. घरातल्यांच्याच नावावर होतं."

"आवो, नणंद घरातली नाय तर काय बाहेरची हाय?"

"तसं नाही हो मामा. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं. एवढेच. नणंद-भावजय त्यात नाही."

"दुसरं तिकीट?"

"वेटिंगपण बंद आहे. उद्याच्या गाडीचं तत्काळ सकाळीच संपलं." त्यानं कार्डं परत सरकवली आणि सुलेखाचं पुन्हा एकदा पाहिलं. "तुम्ही भाऊ ना यांचे? वडलांचं नाव एकच आहे, पुंजाराम. तुमच्या नावावर होईल, पण नाव एकदाच बदलतं. वेळेत आलात म्हणून होतंय. करायचं का ते सांगा, मागं लाइन आहे."

गोकुळ बाकाकडे आला. त्यानं सांगितलं तसं तिघींचे चेहरे पडले.

सोनिया आधी सावरली. "जाऊ द्या. ताईंचं तिकीट, ताईच जातील. माझंच चुकलं. तवाच व्हय म्हणायचं व्हतं."

"मी नाय जात," सुलेखा म्हणाली.

"असं नका करू, ताई. तुमचा जीव हाय त्याच्यात, मला म्हायती नाय व्हय?"

"तुझा नाय का? पोरीच्या आईला फलाटावर उभी करून मी खिडकीत बसू? मला अन्न गोड लागायचं नाय." सुलेखाचा आवाज बारीक झाला. "एका बोटानं राहायची मला सवय हाय, सोनिया. तुला नाय."

"मी जनरलमधी उभी ऱ्हाऊन जाईन."

"त्या गर्दीत? गुडघे बघ आधी तुझे."

"मग मी एकटीच जाते," अपेक्षा म्हणाली. एकटीनं जायची तिला भीती नव्हती. पहाटे क्रीडा संकुलाच्या मैदानावर ती एकटीच धावत होती, आणि प्रत्येक फेरीला तिला वाटायचं, पोचताना कुणीतरी आपलं सोबत असावं. आत गेल्यावर तर एकटीच असणार होती.

गोकुळ हातात तिघांची आधार कार्डं घेऊन उभा होता. तो माणसं सोडत आला होता, आयुष्यभर. लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात, कोर्टात. जिथं सोडायचं तिथं सोडायचं, भाडं घ्यायचं आणि जीप वळवायची. याही खेपेला तो सोडायलाच आला होता. लखनौला कोण जाणार यावरून घरात दसऱ्यापासून मनं दुखावत होती, कुणाला एकदा विचारलं होतं, कुणाला दोनदा. त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला असता. पण ऑक्टोबरच्या एका दुपारी घाटाखाली जीप थांबवून त्यानं मोबाइलवर लखनौ स्टेशनचे फोटो पाहिले होते, हे खरं होतं.

अपेक्षानं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू तो तिला आत्ताच दिसला.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही येता?"

"येतो," गोकुळ म्हणाला.

त्यानं इतक्या झटकन म्हटलं की तिघी एकदम हसल्या, आणि हसता हसता सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघ गं सोनिया," ती म्हणाली, "ह्याला जमलं. आपल्या दोघींना नाय जमलं." गोकुळ कानापर्यंत लाल होऊन पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

*

त्या रात्री सोनिया लेकीच्या शेजारी झोपली. दुसरा दिवस भराभर गेला. ट्रंक दोनदा उघडली. सुलेखानं केसांच्या जाळ्यांचे पुडे काढून येसरसाठी जागा केली, कुणी न सांगता. अपेक्षानं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, चौघांनी वंदना म्हटली. सोनियानं निघताना तिच्या हातावर दही-साखर ठेवली तेव्हा सुलेखानं नेहमीसारखं टोकलं नाही. एरवी असल्या गोष्टींवर तिचं तोंड फार चाले.

फलाटावर गाडी थोडाच वेळ थांबली. गोकुळ बहिणीच्या निळ्या बॅगेत आपले दोन शर्ट घालून निघाला होता, कारण त्याच्याकडे बॅग नव्हती. सोनियाचा स्वेटर त्याच्या अंगाला होईना म्हणून त्याला सुलेखाची शाल दिली होती. ती पांघरून तो खिडकीत बसला.

अपेक्षा दारात उभी होती. खाली आई आणि आत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती जागा आपली आहे हे तिला दिसत होतं. गाडी हलली तेव्हा तिला ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं, जवळ सरका, असंच काहीतरी. पण दोघीही हात हलवत होत्या, दोघीही तिच्याकडेच बघत होत्या, आणि ती जागा तशीच मागे राहिली.

*

दोघी रिक्षानं परत आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत सगळीकडे अपेक्षाचा पसारा होता. फरशीवर दोऱ्याचे तुकडे, शेंगांची टरफलं, तुटलेली पिन, पॉलिश पुसलेलं फडकं. ट्रंक होती तिथं फरशीचा स्वच्छ चौकोन उरला होता. सुलेखानं सवयीनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"ताई, नगं," सोनिया म्हणाली. "गावाला माणूस गेलं की लगेच झाडत नायत."

सुलेखा थांबली. हे सगळं आपण कधीच सोडलंय, असं ती म्हणणार असं सोनियाला वाटलं. सुलेखानं झाडू परत कोपऱ्यात ठेवला आणि टरफलं पायानंही न सरकवता पलंगावर जाऊन बसली. सोनियाला मोठं नवल वाटलं.

तिला काय करावं ते सुचेना. ती दाराशी गेली. चौकटीवरच्या रेघा तिनं याआधी पाहिल्या होत्या, पण येता-जाता, रागानं. आता तिनं खालच्या रेघेवर बोट ठेवलं. ती तिच्या खांद्याच्याही खाली होती.

"ही कवाची, ताई?"

"आली त्या दिवसाची. रडून रडून उचकी लागली होती. उभी राहीना. तुझं लुगडं मागत होती पांघरायला."

"मला सांगितलं नाय कुणी."

"तू परत नेली असतीस तिला."

सोनियानं थोडा वेळ बोट तिथंच ठेवलं. मग वरच्या रेघेवर नेलं. "आन् ही?"

"सातवी. दुधाचा सुळा पडला होता. इथं बघ, तिरकी झालीय रेघ. हसत होती."

"ही?"

"ही आठवी. या वर्षी एकदम वाढली. फ्रॉक सगळे आखूड झाले. या वर्षीच ती..." सुलेखा उठून जवळ आली. "ती शहाणी झाली या वर्षी. मला म्हणाली, आत्या, माय पाहिजे. तू पेरणीत होतीस. मी फोन नाय केला. मला वाटलं, मी आहे की."

सोनियानं बोट उचलून पुढच्या रेघेवर ठेवलं. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी येत होती. तिची बोटं रेघेरेघेनं वर जात राहिली आणि सुलेखा प्रत्येक वर्ष सांगत राहिली, ताप आलेलं, पास झालेलं, रुसलेलं. सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत सोनियाचं डोकं नीट पोचलं. सुलेखाला टाचा उचलाव्या लागल्या.

मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. सोनियानं काखेतली पिशवी सावरली. स्टेशनवर नेलेली आणि तशीच परत आणलेली ती तिसरी पिशवी अजून तिच्या काखेतच होती. "निघते, ताई. कन्नडची शेवटची गाडी मिळंल."

"राहतेस का आज इथं?" सुलेखा म्हणाली.

"नगं. कापूस फुटून पडलाय. तुमालाबी उद्या ड्यूटी असंल."

"बरं," असं सुलेखाच्या ओठांवर आलं होतं. सोनिया चप्पल पायात सरकवत होती.

"सोनिया," सुलेखा म्हणाली, "राहतेस का?"

सोनियानं एक पाय चपलेतून काढला, मग दुसरा. ती आत आली, लेकीच्या पलंगावर बसली आणि पिशवीचं तोंड उघडून तिनं घडी न मोडलेली साडी बाहेर काढली.